४,२९,४९,६७,२९७ : मूळ वाटणारी संख्या

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ ही संख्या येते. तिला ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही. लहान संख्यांनी भाग गेला नाही की संख्या मूळ असणार, असे आपण सहज धरून चालतो. फर्मा या गणितज्ञाचाही इथे अंदाज चुकला, आणि त्याचे कारण तर याहून भक्कम होते. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ घेऊन १ मिळवला की अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. हा क्रम पुढेही असाच चालेल, असा विश्वास त्याने १६४० साली पत्रातून मांडला. सिद्धता हाती नसल्याचे त्याने लपवले नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवले की सहावी संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७.

एवढ्या मोठ्या संख्येचा विभाजक शोधायचा तर हजारो भागाकार करावे लागतील, हाही गैरसमजच. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या ६,५४२ आहेत हे खरे. पण या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ ने भागल्यावर १ च बाकी ठेवतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पडताळा तर भागाकाराशिवायही होतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ धरता येतो. दोन्हींचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा, म्हणून ६२५ च्या जागी −१६ ठेवू. त्यावरून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते; तीत १ मिळवला की शून्य. किती देखणी सिद्धता आहे ही!

कुणी म्हणेल, मग फर्माचीच प्रसिद्ध कसोटी का लावली नाही? तीत एखादा पाया घेऊन त्याचा, संख्येहून १ ने कमी असलेला, घात करायचा आणि संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का ते पाहायचे; उरली तर संख्या उत्तीर्ण. पाया २ घेऊन लावली तर ही संख्या तीत उत्तीर्ण होते. पाया ३ घेतला की नापास होते. म्हणजे कसोटीत नापास होणे हा संयुक्त असल्याचा पक्का पुरावा, उत्तीर्ण होणे मात्र मूळ असल्याचा पुरावा नव्हे. संख्या मोठी म्हणून विभाजक पुष्कळ, हेही खरे नाही: हिला चारच आहेत, आणि स्वतःला वगळून त्यांची बेरीज अवघी ६७,०१,०५९ भरते. उलट, संयुक्त ठरवायला विभाजक सापडलाच पाहिजे असेही नाही. २ चा घातांक १०,४८,५७६ घेतला की याच कुळातली ३,१५,६५३ अंकी संख्या मिळते. ती संयुक्त असल्याचे १९८८ पासून सिद्ध आहे, पण तिचा एकही मूळ विभाजक अजून कुणाला सापडलेला नाही.