दशावतारी गंजिफा : चित्र आणि नियम

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आज ओळखला जातो तो मुख्यतः हस्तकलेचा नमुना म्हणून. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी 1970 नंतरच्या दशकात चिताऱ्यांच्या या लोपत चाललेल्या कलेला आश्रय दिला आणि चिंचोक्याची खळ, रंग व लाख यांनी सिद्ध होणारी गोल पाने पुन्हा घडू लागली. पाने वाचली, ती खेळणारे मात्र विरळच राहिले. त्यामुळे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच चित्रांकडे गेले आणि 'हा खेळ खेळतात कसा?' हा प्रश्न गौण मानला गेला. वस्तुतः या खेळाचा पूर्वेतिहास चित्रांपेक्षा नियमांतच अधिक स्पष्टपणे उमटलेला आहे.

संचात 120 पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या वाट्याला 40 पाने. राजा सर्वश्रेष्ठ, त्याखालोखाल प्रधान, एवढे सर्व रंगांना समान. पुढे मात्र नवख्याची गफलत होते. पाच रंगांत प्रधानानंतर दश्शी येते आणि एक्का सर्वांत हलका ठरतो. उरलेल्या पाच रंगांत हा क्रम नेमका उलटा, म्हणजे एक्का वरचा आणि दश्शी तळाची.

दुसरी अडचण 'हुकूम' या शब्दाची. आजच्या पत्त्यांत हुकूम म्हणजे इतर रंगांना मारणारा रंग. गंजिफ्यात असा रंगच नसतो. एखाद्या रंगातील जे वरचे पान अद्याप पडलेले नाही, ते त्या रंगाचा हुकूम. राजा पडला की प्रधान हुकूम होतो, प्रधानही गेला की त्याखालचे पान. म्हणजे पानाचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसून आधी काय पडून गेले यावर अवलंबून असते. दहा रंग, दोन परस्परविरुद्ध क्रम आणि पडलेल्या प्रत्येक पानाची मनात ठेवायची नोंद पाहता हा खेळ दैवापेक्षा स्मरणशक्तीचा आहे. शब्द तोच राहून त्याचा आशय कसा सरकतो, याचे हे उदाहरण शब्दार्थाच्या अभ्यासकांनीही नोंदवावे असे आहे.

खेळताना देवाचे नाव मुखी येते, म्हणून हा खेळ निर्दोष, असे समर्थन सांगितले जाते. ते श्रद्धेचे आहे. उत्पत्तीचा पुरावा म्हणून ते पुरेसे नाही. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफ्यात आठ रंग व 96 पाने असून ताज, शमशेर, गुलाम ही त्यांपैकी काही रंगांची नावे. तेथे अवतारांचा मागमूस नाही. तरीही चार रंगांत दश्शी वरची आणि चार रंगांत एक्का वरचा, ही विभागणी तेथे आहेच. तेव्हा उलट्या क्रमाचा अर्थ अवतारांच्या स्वरूपात शोधण्यात हशील नाही. आठांचे दहा होताना चाराच्या जागी पाच आले, इतकेच.

पहिल्या उतारीचा नियमही हेच सांगतो. मोगल खेळात दिवसा 'सुर्ख' म्हणजे सुवर्णनाण्याच्या रंगाला, तर रात्री 'सफेद' म्हणजे रौप्यनाण्याच्या रंगाला अग्रमान असतो. दशावतारी खेळात दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो प्रारंभ करतो, आणि रात्री तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. सूर्यवंशी राम आणि चंद्रवंशी कृष्ण! सोन्यारुप्याच्या जागी ही जोडी बसविणाऱ्या अनामिक खेळियाची कल्पकता दाद देण्याजोगी आहे. येथे परका नियम केवळ उचललेला नाही, तो पुराणकथेच्या भाषेत नव्याने वाचलेला आहे.

गिरिधराच्या 'गंजीफाखेलन' या संस्कृत ग्रंथासारखी लिखित साधने अभ्यासकाच्या हाती आहेत. परंतु लिखित नियम डाव शिकवतातच असे नाही. कोणते पान केव्हा हातचे सोडावे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती काय उरले आहे हे कसे ताडावे, हे ज्ञान खेळणाऱ्याच्या बोलण्यात आणि सवयीत असते. लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यात ओव्या, उखाणे, म्हणी टिपल्या जातात. त्याच वहीत एखादा संपूर्ण डाव, पानागणिक आणि खेळणाऱ्यांच्या उद्गारांसह, उतरवून घेणे अवघड नाही. मात्र त्यासाठी खेळ जाणणारी तीन माणसे एकत्र बसावी लागतात.