उरलेल्या तुकड्यांची गोधडी

गोधडीला नवे कापड लागत नाही. आतल्या थरांसाठी जुनी सुती साडी, वर लावायला शिवणकामातून उरलेले तुकडे, जाड सुती दोरा आणि लांब सुई एवढे पुरे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून तुकडे आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. विरलेले कापड वर नको. ते आत खपते. सिंथेटिक साडी मात्र आतही टाळा, ती सुईखाली सरकते.

साडी जमिनीवर अंथरून हव्या त्या मापाची घडी घाला. तीन-चार थर पुरतात. सुरकुत्या काढून कडेला आणि मध्येही मोठे कच्चे टाके घाला, नाहीतर शिवताना मध्ये फुगा येतो. तुकड्यांच्या कडा पाव इंच आत दुमडून, ते एकमेकांवर किंचित चढवत मांडा. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे या. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा आणि सुई प्रत्येक वेळी सगळ्या थरांतून खाली जाते ना, हे उलट्या बाजूला हात लावून पाहा. शेवटी कच्चे टाके उसवा.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधडीच्या, म्हणजे त्यांच्या कवंदीच्या, चारही कोपऱ्यांना कापडी त्रिकोणांचे फूल लावतात.