शटरच्या पोटातली स्प्रिंग

संपादकांना यंदा पर्यटक यायच्या आधीचं लोणावळं हवं होतं, मृगाच्या तोंडावरचं. मे सरत आला की तुंगार्लीच्या बाजूला बंगल्याबंगल्यांतून कामं निघतात. कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, खिडक्यांना पत्रे ठोकायचे. ही कामं मावळात कुठेही दिसतात. एका बंगल्यासमोर मात्र शिडी लावून मिस्त्री गॅरेजच्या शटरचं वरचं कव्हर उतरवत होते. शटरचं पोट मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाकी सगळं सोडून मी तिथेच थांबले.

मिस्त्रीकाका कामशेतचे. मोटारसायकलच्या मागे पाइप पाना, ग्रीसचा डबा, जळक्या ऑइलची बाटली आणि जुन्या पट्ट्यांचा एक भारा. बाजारपेठेतल्या चिक्कीच्या दुकानांची शटरं आणि बंगल्यांची गॅरेजं, दोन्ही तेच करतात, कारण वस्तू एकच आहे. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली वर उचललं जाणारं गॅरेजचं दार काढलं, १९२६ साली त्याला विजेची मोटर जोडली; ते दार फळ्याफळ्यांनी छताखाली सरकतं. आपल्याकडे गॅरेजला बहुधा दुकानाचंच गुंडाळतं शटर बसतं. त्याचं भारतीय मानकही आहे, क्रमांक ६२४८. सरकारी बांधकामाच्या दरसूचीत ८० मिलिमीटर रुंद, १.२५ मिलिमीटर जाड पट्टी आणि २७.५ सेंटिमीटर लांबीची स्प्रिंग असा तपशील असतो. गिऱ्हाईक पत्र्याची जाडी विचारतं, रंग विचारतं. स्प्रिंगबद्दल कोणी विचारत नाही, आणि शटर चालतं ते तिच्यावर.

कव्हरखाली भिंतीला दोन बाजूंना दोन ब्रॅकेट आणि त्यांच्यामध्ये आडवा पाइप. हा पाइप फिरत नाही, याचंच मला पहिलं नवल वाटलं. फिरतात त्या त्याच्यावर चढवलेल्या पुल्या. प्रत्येक पुलीत एक स्प्रिंग. तिचं एक टोक पाइपला अडकवलेलं, दुसरं पुलीला. सगळ्यात वरची पट्टी पुल्यांना बोल्टने जोडलेली. शटर खाली ओढलं की पुल्या फिरतात आणि स्प्रिंगला पीळ बसतो. वर ढकललं की तोच पीळ उलगडत वजन उचलतो.

वजन किती? ८ बाय ८ फुटांचा, १.२५ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा घेतला तरी ५८ किलो भरतो. इथे तर पट्ट्यांच्या कडा वळवून एकमेकींत अडकवलेल्या, त्यामुळे खरं वजन त्याहून बरंच जास्त. एवढा भार घरातलं कोणीही एका हाताने वर सारतं.

शटर वर जाईल तसं लटकणारं वजन कमी होतं आणि स्प्रिंगचा पीळही उतरत जातो. दोन्ही बरोबरीने उतरले की हात हलका. पण वरची गुंडाळी जाड होत जाते, लटकता भाग पाइपच्या मध्यापासून लांब सरकतो आणि त्याची ओढ वाढते. म्हणून प्रत्येक उंचीवर तंतोतंत तोल साधत नाही. काका तो कंबरेच्या उंचीवर पाहतात. शटर तिथवर आणायचं आणि हात सैल करायचा. थांबलं तर ठीक. खाली यायला लागलं तर स्प्रिंग बसली. वर उसळलं तर पीळ जास्त झाला.

त्या दिवशी शटर खाली आलं. काकांनी पाइपच्या एका टोकाला पाना लावला, ब्रॅकेटवरचा क्लॅम्प मदतनीस पोराकडून सैल करून घेतला आणि अख्खा पाइप थोडा थोडा करत फिरवला. क्लॅम्प सुटलेला असतो तेवढा वेळ सगळ्या स्प्रिंगांचा जोर त्या एका पान्यावर असतो. दोघांपैकी कोणी बोलत नाही. क्लॅम्प आवळला गेल्यावरच काकांनी श्वास सोडला. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. “पाना सुटला होता, ताई,” एवढंच म्हणाले. हे काम घरमालकाने स्वतः कधीही करू नये, आणि मिस्त्रीनेही डोक्यावर हेल्मेट न घालता करू नये असं मला मनापासून वाटतं. त्या शिडीवर तसलं काही नव्हतं.

घरच्यांच्या हातातलं काम वेगळं आहे आणि सोपं आहे. शटर मधोमध धरून उचलायचं; एका बाजूने ओढलं की ते तिरकं होऊन दोन्ही कडांच्या उभ्या चॅनेलमध्ये घासतं. चॅनेल कोरड्या फडक्याने पुसायचे. तिथे ग्रीस थापलं की धूळ चिकटते आणि त्याचा काळा चिखल होऊन पट्टी अडते. ग्रीसची जागा वर, पुल्यांपाशी. जळकं ऑइल गंज रोखतं खरं, पण धूळही तेवढीच धरतं. स्वस्त म्हणून ते सर्रास मारलं जातं.

लोणावळ्यात हे सगळं पुरत नाही. इथे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेल्या वेळात धुकं असतं. पट्ट्यांच्या वळलेल्या सांध्यांत पाणी धरून राहतं. रंग बाहेरून दिसतो तिथवरच पोचतो, गंज आतून सुरू होतो. तळाच्या पट्टीवर फरशीवरचं पाणी उडत राहतं, म्हणून ती सगळ्यात आधी जाते. तळाची पट्टी बदलता येते, पण सांधे गंजून एकमेकांत धरले की शटर गुंडाळलंच जात नाही. भिजलेली गाडी आत घालून गॅरेज बंद केलं की आतली ओल आतच राहते.

नव्या बंगल्यांना मोटर लागते आहे. मोटर अशक्त झालेली स्प्रिंग झाकून ठेवते. ती रेटून उचलत राहते, कोणाला काही कळत नाही. पावसात वीज गेली आणि हाताने साखळी ओढायची वेळ आली की सगळा भार एकदम जाणवतो. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती दाराच्या मोटरला, वाटेत काही आलं तर दार उलटं फिरवण्याची सोय सक्तीची आहे. इथे तसा सेन्सर आपण होऊन मागून घ्यावा लागतो. ज्या घरात लहान मुलं सुट्टीला येतात तिथे तो न मागणं मला धोक्याचं वाटतं.

जुन्या बंगल्यांत अडचण भिंतीची. शटरचा सगळा भार दोन ब्रॅकेटच्या बोल्टांवर, आणि बोल्ट वर्षानुवर्षं ओल पिणाऱ्या भिंतीत. प्लास्टर फुगलं की आधी बोल्टभोवती बारीक तडा दिसतो. काका स्प्रिंगला हात लावण्याआधी तो तडा शोधतात. सापडला तर पीळ द्यायला साफ नकार देतात, आधी गवंडी बोलवा म्हणतात. मालकाला वाटतं, काम वाढवतायत.

आणि जुलैत ते ओल्या शिडीवर चढत नाहीत. फोन मात्र जुलैतच येतात, कारण मालक धबधबे बघायला तेव्हाच येतात. शटर जड झाल्याचं केअरटेकरला मार्चमध्येच कळलेलं असतं, पण दुरुस्तीच्या पैशांना होकार मुंबईहून यायचा असतो. निघताना काकांनी त्याला आठवड्यातून दोनदा तरी शटर पूर्ण वरखाली करायला सांगितलं, म्हणजे सांधे धरणार नाहीत. तो हो म्हणाला. शेजारचे दोन बंगलेही तोच बघतो, पण त्या गॅरेजांच्या किल्ल्या मालकांकडेच असतात.