परळ ते एव्हरशाईन: थायरॉइडच्या चाचणीचा मागोवा

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या इमारती एकेक करून उभ्या राहत होत्या, तेव्हा इथल्या अनेकांसाठी थायरॉइडची तपासणी म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. वसई रोडहून सकाळची गर्दीची लोकल, एल्फिन्स्टन रोडला उतरायचं, पूल ओलांडून परळ, मग रांग. रिपोर्टासाठी काही दिवसांनी पुन्हा तेच. जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं तरी नमुना बहुधा मुंबईलाच जायचा. आज याच वसाहतीत सकाळी सातच्या आत पाठीवर थंड पेटी लावलेला मुलगा दुचाकीवरून येतो, आपण सोफ्यावर बसल्या बसल्या रक्त देतो आणि संध्याकाळी फोनवर पीडीएफ येऊन पडते. टीएसएचचा आकडा ठळक, शेजारी वर तोंड केलेला बाण. रात्रीच्या जेवणाआधी ‘हिला थायरॉइड निघालं’ हे मजलाभर झालेलं असतं.

चाचणी स्वस्त झाली, जवळ आली, कमालीची अचूकही झाली. ती वाचण्याची रीत मात्र होती तिथेच राहिली. हे कसं झालं ते पाहायचं तर परळपासूनच सुरुवात करावी लागते.

परळला टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. अणुशक्तीचा उपयोग रुग्णांसाठी व्हावा हा होमी भाभांचा आग्रह त्यामागे होता. ज्यांनी या केंद्राची बांधणी केली त्यांत डॉ. आर. डी. गणात्रा हे मोठं नाव. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि तुर्भ्याच्या अणुभट्टीत किरणोत्सारी आयोडीन तयार होत होतं. त्यामुळे या नव्या शाखेचा पहिला मोठा रुग्णवर्ग थायरॉइडचाच असणं साहजिक होतं. रुग्णाला आयोडीन प्यायला द्यायचं, चोवीस तासांनी मानेसमोर यंत्र धरायचं आणि ग्रंथीने किती ओढलं ते मोजायचं.

त्याआधीच्या पद्धती आज वाचताना गंमत वाटते. उपाशीपोटी रुग्णाला आडवं निजवून तो श्वासातून किती ऑक्सिजन वापरतो ते मोजत आणि त्यावरून ग्रंथी मंद की तेज हे ठरवत. रुग्ण नुसता घाबरला तरी आकडा चढायचा. नंतर रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजण्याची पद्धत आली, पण कुणी आयोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर सगळा हिशेब चुकायचा. खुद्द संप्रेरक कोणी मोजतच नव्हतं. केंडॉलने थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, १९१४ च्या नाताळात वेगळं काढलं होतं, ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांनी टी-३ १९५२ मध्ये दाखवून दिलं होतं. पण रक्तातलं त्यांचं प्रमाण इतकं नगण्य की तराजूच नव्हता.

तो तराजू न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी बनवला, १९५९-६० च्या सुमारास आणि तोही इन्सुलिनसाठी. रेडिओइम्युनोअसे. तत्त्व सोपं आहे. रक्तातलं साधं संप्रेरक आणि किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं तेच संप्रेरक मोजक्या अँटिबॉडींवर जागा मिळवण्यासाठी झटतात. रक्तात संप्रेरक जास्त असेल तितकं किरणोत्सारी कमी चिकटतं. चिकटलेल्याचा किरणोत्सार मोजा, रक्तातला आकडा कळतो. दोघांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले, यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. पेटंट नसल्यामुळेच परळसारख्या ठिकाणी ही पद्धत कुणाची परवानगी न घेता उभी करता आली, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं दान वाटतं.

तरी अडचण होतीच. या चाचणीच्या कीटमधलं आयोडीन-१२५ साठ दिवसांत निम्मं होतं. परदेशातून मागवलेलं कीट कस्टममध्ये अडकलं की तिथेच जुनं होणार. म्हणून देशी कीट हवं होतं, ते अणुऊर्जा खात्याने बनवलं. पुढे १९८९ मध्ये वेगळी झालेली ‘ब्रिट’ ही संस्था वाशीहून ते पुरवू लागली. कीट महाग आणि अल्पायुषी, त्यामुळे पुरेसे नमुने जमल्यावरच ते फोडत. रिपोर्टाला आठवडा लागायचा तो आळसामुळे नव्हे.

आता जरा थांबून टीएसएचकडे पाहू, कारण आजचा सगळा घोळ त्याच्याभोवती आहे. टी-४ आणि टी-३ ही ग्रंथीची संप्रेरकं. टीएसएच मात्र थायरॉइडचं नाहीच. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आणि खालचा पंप डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी उतरलं की पंप जास्त चालतो, टाकी भरली की बंद होतो. टी-४ म्हणजे टाकीची पातळी, टीएसएच म्हणजे पंपाचा जोर. यातली खुबी अशी की पिट्युटरी अतिशय हळवी असते. रक्तातलं मुक्त टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीच्या आसपास वाढू शकतं. म्हणून टी-४ अजून ‘नॉर्मल’ दिसत असतानाच टीएसएच आधी बोलतं.

पण जुन्या पद्धतीत टीएसएचला एकच बाजू बोलता येत होती. वाढलेलं दिसायचं, कमी झालेलं दिसायचं नाही, कारण एकच्या खाली मोजमाप पोचतच नसे, आणि निरोगी माणसाचा आकडा साधारण ०.४ ते ४ या टप्प्यात असतो. म्हणजे ग्रंथी तेज झालेली आहे की ठीक आहे, हे टीएसएचवरून सांगता येत नव्हतं. मग टीआरएच हे मेंदूतलं संप्रेरक टोचून, अर्ध्या तासाने पुन्हा रक्त घेऊन पिट्युटरी जागी होते का ते पाहत. ऐंशीच्या दशकात नेमक्या, एकसारख्या अँटिबॉडी बनवता येऊ लागल्या. मोजमाप ०.१ पर्यंत, मग ०.०१ पर्यंत खाली गेलं. टीआरएचची सुई जवळजवळ इतिहासजमा झाली. त्यानंतर किरणोत्साराच्या जागी रासायनिक प्रकाश आला आणि यंत्र दिवसाला हजारो नमुने पाहू लागलं.

या टप्प्यावर परळची गोष्ट बाजारात उतरते. १९८२ मध्ये भाभा केंद्रात रुजू झालेले आणि थायरॉइडच्या जैवरसायनशास्त्रात पीएचडी केलेले ए. वेलुमणी यांनी सरकारी नोकरी सोडून १९९६ मध्ये थायरोकेअर काढली. कल्पना एकाच वाक्याची होती: यंत्र गावोगाव नको, रक्त एका जागी आणा. नमुने जितके जास्त तितकी प्रत्येकाची किंमत कमी. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०२१ मध्ये फार्मइझीच्या मालकांनी ती विकत घेतली. इतर साखळ्यांनीही हाच कित्ता गिरवला. वसई-विरार महापालिका २००९ ची, पालघर जिल्हा २०१४ चा. हे सगळं होईपर्यंत आमच्याकडे नाक्यानाक्यावर रक्त गोळा करणारी केंद्रं लागली होती. मोखाडा-जव्हारच्या पाड्यावरच्या बाईला मात्र अजून एसटी गाठावी लागते. जिल्हा एकच आहे.

स्वस्त झालेली चाचणी मग पॅकेजात शिरली. लक्षण असो-नसो, साखर-कोलेस्टेरॉलबरोबर थायरॉइडही. आजार खरोखरच कमी नाही. मुंबईसह आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ११ टक्के जणांची थायरॉइड मंद निघाली, आणि किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत थोडी जास्त. हे ऐकून इथले लोक लगेच मिठाकडे बोट दाखवतात. वसई-नालासोपाऱ्याच्या मिठागरांचं मीठ खाल्लेली माणसं, त्यांना काय कमी? पण समुद्राचं पाणी वाळवून केलेल्या मिठात आयोडीन जवळपास उरतच नाही, ते वरून मिसळावं लागतं. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात ते मिसळून गलगंड कमी होतो हे दाखवलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो तडीस जायला पुढची कित्येक दशकं गेली. एवढा खटाटोप झाल्यावर आता गुलाबी सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून चौपट भावात विकत घेणारी घरं पाहिली की हसावं की रडावं कळत नाही. आज शहरांत दिसणाऱ्या मंद थायरॉइडमागे मात्र बहुतेक वेळा शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला असतो. हाकारू हाशिमोतो यांनी तो १९१२ मध्ये वर्णिला.

खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात आहे: टीएसएच किंचित वर, मुक्त टी-४ व्यवस्थित. सासूबाईंच्या फाईलमध्ये वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट आहेत. एकीची वरची मर्यादा ५.५, दुसरीची ४.२. चार पॉइंट आठ हा आकडा एकीकडे निमूट बसलाय, दुसरीकडे बाण घेऊन आलाय. सासूबाई त्याच. टीएसएच रात्री चढतं, दुपारी उतरतं; वय वाढलं की थोडं वर सरकतं; मोठ्या आजारातून उठताना तात्पुरतं हलतं. पासष्ट वर्षांवरच्या अशा मधल्या पट्ट्यातल्या ७३७ जणांना थायरॉक्सिनची गोळी देऊन पाहिलेला युरोपातला अभ्यास २०१७ मध्ये आला. थकवा किंवा इतर त्रासात फरक दिसला नाही. गरोदरपणातल्या मर्यादेचीही अशीच गत. अमेरिकन थायरॉइड संघटनेने २०११ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी २.५ सांगितली आणि २०१७ मध्ये, स्थानिक आकडे नसतील तिथे, ती चारच्या आसपास नेली. मधल्या सहा वर्षांत किती बायकांच्या उशाशी गोळीची बाटली आली असेल! पण इथे उलट्या टोकाला जाऊ नये. गरोदरपणी खरोखर मंद झालेली थायरॉइड बाळाच्या मेंदूला महाग पडते, तिला थांबवून चालत नाही.

नवजात बाळाच्या बाबतीत तर ही तपासणी निव्वळ पुण्य आहे. परळच्याच वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी ऐंशीच्या दशकात बाळांच्या टाचेतून टिपकागदावर रक्त घेऊन जन्मजात थायरॉइडदोष हुडकायला सुरुवात केली. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं. राहून गेलं तर बुद्धी कायमची मागे पडते. ज्यांना काही होत नाही त्या प्रौढांना दरवर्षी तपासणारी आपली शहरं, आणि प्रत्येक बाळासाठी ही चाचणी देशभर सक्तीची अजूनही नाही. मला विचाराल तर प्राधान्य उलटं लागलंय.

आणि टीएसएच नेहमीच खरं बोलतं असंही नाही. बाळंतपणात खूप रक्त जाऊन पिट्युटरीच दुखावली असेल तर टी-४ तळाला जाऊनही टीएसएच ‘नॉर्मल’ दिसतं, पंपच बिघडलाय. केसांसाठी, नखांसाठी घेतलेलं जास्त मात्रेचं बायोटिन कित्येक यंत्रांना फसवतं: टीएसएच खोटं कमी, टी-४ खोटं जास्त, म्हणजे कागदावर हुबेहूब तेज थायरॉइड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला.

तेव्हा पुढच्या वेळी बाण आला तर एवढं करा. बायोटिन दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. गोळी चालू असेल तर त्या सकाळी रक्त दिल्यावरच ती घ्या, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी पुन्हा तपासू नका. टी-४ ला रक्तात निम्म्यावर यायलाच आठवडा लागतो, पिट्युटरीला सावरायला वेळ लागतो. शक्यतो तीच लॅब, तीच वेळ धरा. गरोदर नसाल, त्रास नसेल आणि आकडा थोडाच वर असेल तर दोन-तीन महिन्यांनी मुक्त टी-४ सह पुन्हा बघा, अँटिबॉडीची चाचणी लागेल का ते डॉक्टरांना विचारा. आणि त्यांच्याकडे जाताना फोनवरची नवी पीडीएफ तेवढी नको, जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा.