नाल नसलेल्या घोड्याला काय घालावं?



दारात घोडं असणं म्हणजे घराची शान. कुणी शर्यतीसाठी पाळतो, कुणी वरातीसाठी. धनगर बांधव बिऱ्हाड वाहायला तट्टू ठेवतात. कुणी सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या यात्रेतून हौसेनं शिंगरू घेऊन येतो. यातली बरीच जनावरं नाल न ठोकता उघड्या खुरानंच चालतात. त्यात वावगं काही नाही. खूर निरोगी असला आणि काम बेताचं असलं, तर मातीच्या वाटेवर नालेवाचून अडत नाही. पण उघडा खूर चुगली करतो बरं का! तोबऱ्यात काय पडतं ते तो खड्यावर पाय पडताच सांगतो.

म्हणून आज घोड्याच्या खाण्यातल्या गोडाविषयी बोलू.

गोडाचा आणि खुराचा संबंध काय?

खूर म्हणजे नुसतं नख नव्हे. त्याच्या आत हाड असतं. ते हाड बाहेरच्या कवचाला बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत अडकवावीत, तशी ही पकड असते. जनावराचं सगळं वजन तिच्यावर पेललेलं असतं.

घोड्यानं गोड किंवा पिठूळ खाणं जास्त खाल्लं की रक्तातली साखर वाढते आणि तिच्यामागं इन्सुलिन वाढतं. सुटलेल्या, बसून खाणाऱ्या घोड्यात ते फारच वाढतं आणि पापुद्र्यांची पकड सैल होते. दुसरी गोष्ट, एकदम खूप दाणा खाल्ला तर तो नीट पचत नाही. मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन तो आंबतो, तिथं आम्ल तयार होतं आणि त्याचाही फटका खुरालाच बसतो. या दुखण्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. ते विकोपाला गेलं तर आतलं हाड फिरतं, तळव्यातून बाहेरही येतं. मग लाखमोलाचं जनावर जागेवर बसतं.

कोणत्या खाण्यात गोड लपलेलं असतं?

गूळ, काकवी, मळी आणि ऊस तर उघडच गोड. पण मका, बाजरी, ज्वारी, गहू, शिळी भाकरी यांत पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. हरभऱ्याची चंदी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, पण हरभऱ्यातही जवळजवळ निम्मा भाग पिठूळ आहे. रोज मैलोगणती दौडणाऱ्या घोड्याला ती पचत होती. दावणीला उभ्या असलेल्या घोड्याला ती जड जाते. गव्हाचा कोंडा हलका म्हणून घालतात, पण त्यातही स्टार्च बराच असतो आणि कॅल्शियम कमी असतं.

ऊसपट्ट्यात हंगामात वाढे फुकट मिळतात, म्हणून घोड्यापुढंही टाकतात. वाढ्यांच्या बुडख्याकडं साखर असते. शिवाय त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम अडवून धरतं. ज्या घोड्याचे खूर नाजूक आहेत, त्याला वाढे घालू नयेत.

मग घालावं काय?

पहिला मान वाळल्या गवताचा. पवना, मारवेल, डोंगरी गवत अशी आपली गवतं चांगली. गवत बुरशी नसलेलं, धूळ नसलेलं आणि कुसळं धरण्याआधी कापलेलं असावं.

किती घालावं, त्याचा हिशेब सोपा आहे. शिवणकामाचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. सगळं सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 150 आणि लांबी 145 असली, तर वजन साधारण 275 किलो येतं.

अशा घोड्याला दिवसाला वजनाच्या 2 टक्के, म्हणजे साडेपाच ते सहा किलो वाळलं गवत लागतं. ते तीन-चार वेळा विभागून घाला. घोडा सुटला असला तर दीड टक्क्यापर्यंत उतरा, म्हणजे चार किलोच्या आसपास. त्याखाली नको. सुटलेल्या तट्टाला उपाशी ठेवलं तर रक्तात चरबी उतरते आणि जीवावर बेतू शकतं.

गवताबरोबर एवढं द्या:

1. मूठ-दोन मूठ वाळलेलं लसूणघास. त्यात साखर कमी आणि कॅल्शियम चांगलं असतं.
2. खनिज मिश्रण, पिशवीवर सांगितलेल्या मापानं. खुराच्या कवचाला जस्त आणि तांबं लागतं.
3. दिवसाला दोन-तीन चमचे मीठ आणि कायम स्वच्छ पाणी.
4. जनावर रोड असेल तर दाणा वाढवण्याऐवजी खाण्याचं तेल. दोन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या कपापर्यंत न्या. कोकणात खोबऱ्याची पेंड मिळते, तीही बरी. मात्र ती खवट नसावी.

घोडा रोज खरंच कष्टाचं काम करत असेल आणि खूर ठणठणीत असतील, तर भिजवलेला हरभरा द्यायला हरकत नाही. पण एका वेळेला कोरड्या मापानं अर्ध्या किलोच्या वर नको, आणि तोही आधी गवत खाऊ घालून. कामाला सुट्टी त्या दिवशी चंदीलाही सुट्टी.

तयार खाद्य घेणार असाल तर पिशवीवरचा मजकूर वाचा. साखर आणि स्टार्च यांची बेरीज 10 ते 12 टक्क्यांच्या आत हवी. नुसतं "गूळ नाही" एवढ्यावर भुलू नका, कारण मक्याचा भरडा असला तर स्टार्च आहेच.

गवतातलीही साखर कमी करता येते

घोडा आधीच दुखावलेला असेल तर वाळलं गवत तासभर साध्या पाण्यात भिजवा, निथळा आणि मग घाला. साखरेचा काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी घोड्याला पिऊ देऊ नका, लांब ओता. उन्हाळ्यात जास्त वेळ भिजवलं तर गवत आंबतं.

चरायला सोडायचं तर भल्या पहाटे सोडा आणि ऊन चढायच्या आत आणा. उन्हानं गवतात दिवसभर साखर साठत जाते, सकाळी ती सर्वांत कमी असते.

हे कधीही घालू नका

कोंबड्यांचं खाद्य घोड्यापुढं चुकूनही येऊ देऊ नका. त्यात मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं मात्र थोड्यानंही हृदय निकामी होतं. गाई-म्हशींच्या खाद्यातही ते आणि मळी असू शकते. कोवळी हिरवी ज्वारी आणि सुदान गवतही नको. त्यात विष असतं आणि घोड्याच्या मागच्या पायांचं बळ जातं.

खूर काय सांगतो?

खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. वरून निघालेलं कवच टोकाशी पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणून आज खाणं बदललं आणि महिन्यात गुण आला नाही, तर धीर सोडू नका. वरच्या कडेला नवं, घट्ट कवच येताना दिसेल. खाण्यातला बदल मात्र दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करा. आणि दर सहा-आठ आठवड्यांनी जाणकार नालबंदाकडून खूर तासून घ्या. चांगलं खाणं तासणीची जागा घेत नाही. प्रत्येक लंगडणं खाण्यामुळंच असतं असंही नाही. खडा लागला किंवा खूर जास्त तासला गेला, तरी घोडा पाय झटकतो.

पण खूर गरम लागले, वळताना घोडा अडखळला, पुढचे पाय पुढं टाकून भार टाचांवर घेऊन उभा राहिला, तर थांबू नका. चंदी लगेच बंद करा. मऊ जमिनीवर उभा करा, चालवू नका. खुरांना बर्फाचा नाहीतर गार पाण्याचा शेक द्या आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. गवत आणि पाणी चालू ठेवा.

गुळाचा खडा घोडं आवडीनं चाटतं आणि आपल्यालाही ते बघून बरं वाटतं. त्याऐवजी खरारा करताना दोन मिनिटं जास्त द्या आणि चारही खूर उचलून बघा. तेवढी माया त्याला पुरते.