चार पाऊण तीन

"अगं, पाणी गेलं कुठं?"

आई अलिबागच्या किनाऱ्यावर उभी राहून मलाच जाब विचारते आहे. काल दुपारी बार्शीच्या या बाईनं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. "उजनी म्हणजे याच्यापुढं डबकंच की," म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प बसून राहिली. तेव्हा कुलाबा किल्ला पाण्यात तरंगल्यासारखा दिसत होता. आज सकाळी आठ वाजता किल्ल्यापर्यंत नुसती ओली वाळू आणि काळे खडक आहेत. घोडागाड्या खुळखुळत निघाल्यात.

आज माघातली संकष्टी. किल्ल्यात गणपती आहे म्हटल्यावर आई घोडागाडीला तयार नाही. "देवाला चालत जायचं." नऊवारीचा ओचा वर खोचून, चपला हातात घेऊन ती निघतेसुद्धा. मागे आठ वर्षांची थोरली, तिच्यामागे चार वर्षांचा धाकटा आणि शेवटी पाण्याच्या बाटल्या, टोप्या, राजगिऱ्याचे लाडू सांभाळत मी.

वाळूवर पाण्यानं वळ्या पाडल्यात, पावलाला टोचतात. धाकटा मध्येच उकिडवा बसतो. वाळूत बोटभर रुंद भोक, आणि भोवती मोहरीपेक्षा जरा मोठ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. तो श्वास रोखून बघत राहतो. करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतो आणि उरलेली गोळी करून मागे टाकतो. आई वाकते. "बघ, चाळून घेतोय पीठ." तिची सावली पडते आणि खेकडा गुडुप.

पुढे एक ओहोळ लागतो, घोट्याच्या वर पाणी. धाकटा अडून बसतो. आई त्याला कडेवर घेते, पलीकडे उतरवते, ओलं बोट तोंडाकडे नेते आणि थबकते. "उपास आहे. सैंधव चालतं, हे चालतंय का गं?" मी काही बोलायच्या आत धाकटा तिचं बोट चाखून निकाल देतो, "खारट!"

खडकांपाशी एक कोळीण कालवं काढते आहे. लोखंडी टोच्याचा एक घाव, शिंपला उघडतो, आतला ओला जीव डब्यात. आई तिच्याशेजारी बसते. दोघी एका वयाच्या, दोघींचे तळवे सारखेच भेगाळलेले.

"पाणी परत कधी येतं हो?"

"आज चवथ नाय का? नवाला सुकती, तीनला भरती. अकराच्या आत भायेर या."

मी खिशातला फोन चाचपते. पूर्ण ओहोटी आठ पन्नासला, हे काल रात्री त्यात बघून ठेवलंय. आई विचारते, "तुम्हाला कसं कळतं?"

"तिथीवरनं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्याला भरती."

आईचा चेहरा उजळतो. "चार पाऊण तीन!"

"तीनच," कोळीण म्हणते आणि पुढच्या शिंपल्यावर घाव घालते.

चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. दिवसाला पाऊण तास धरला की कोळ्यांचा हिशेब जमतो. आईला चंद्राचं गणित ठाऊक नाही. तिथी ठाऊक आहे आणि चौथीपर्यंतच्या शाळेतली पाऊणकी तोंडपाठ आहे. कालपर्यंत परका असलेला समुद्र तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतो, हे तिला आत्ता कळलंय. तिची चाल बदलते. आता ती पाहुणी राहिलेली नाही.

तटाखाली पोचतो. थोरली पुस्तकातलं सांगते : शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला. आईचं लक्ष दगडांत. ती दोन चिऱ्यांमधल्या फटीत बोट घालते. "चुना नाही?" नाही, नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळते, फटींत शिरते, तिचा जोर जिरतो. "मग आमच्या शेतातल्या तालीसारखंच. पाण्याला वाट ठेवली की बांध टिकतो."

आत गणपतीपुढे संकष्टीची रांग आहे. देऊळ राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं. दर्शन होतं, लाडू वाटले जातात. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा यॉर्कशायरहून आलेल्या; धाकटा त्यांतल्या एकीच्या तोंडात "ओ!" असं ओरडून उत्तराची वाट बघतो. आई मात्र गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी खिळली आहे. टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेली बाई काठावरून आत बघते, मग तटापलीकडे. "चहूकडं खारं अन् मधी गोडं," एवढंच म्हणते.

सव्वादहा. मी निघायची घाई करते. मघाचा ओहोळ आता थोरलीच्या गुडघ्याला लागतो, तरी आई निवांत. "अजून वेळ आहे," ती मला सांगते, मला, जी चार वर्षं इथं राहते! धाकटा तिच्या कडेवर पेंगलाय. थोरलीनं तिचं बोट धरलंय आणि दोघी पावलागणिक पाऊणकी म्हणताहेत.

"पाच पाऊण?"

"पावणेचार."

"सहा पाऊण?"

"साडेचार."

"सात पाऊण?"

"सव्वापाच."

कोरड्या वाळूवर पोचल्यावर थोरली थांबते. "आजी, तू जाणार कधी?"

"अष्टमीला. सकाळी साडेसहाची एसटी."

थोरली बोटांवर मोजते. ओठ हलतात. "आठ पाऊण सहा. म्हणजे तू जाशील तेव्हा पाणी भरलेलं असेल. किल्ल्यात जाता येणार नाही."

आई धाकट्याला दुसऱ्या खांद्यावर घेते. चपला वाळूवर टाकते, त्यांत पाय सरकवते.

"मग पाचला उठू," ती म्हणते. "चढताना बघू."