वारकरी नावाचे पाखरू

पावसाळा सरला, तळे तुडुंब भरले, की पाण्यावर काळी काळी पाखरे तरंगू लागतात. लोक म्हणतात, "ही काळी बदकं." आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत होतो. पण ते बदक नव्हे. त्याचे नाव वारकरी. कोणी चांदवाही म्हणतात.

त्याला ओळखायचे कसे? सगळे अंग काळे. डोळे लाल. चोच पांढरी आणि तिच्यावर कपाळापर्यंत पांढरा पट्टा. जणू गोपीचंदनाचा टिळाच! बदकाच्या पायाची बोटे कातड्याने जोडलेली असतात. वारकऱ्याची बोटे सुटी, पण प्रत्येक बोटाला झालरीसारख्या पाळ्या. म्हणून त्याला पोहता येते अन् चिखलातही चालता येते. त्याची भावकी पाणकोंबड्यांची. जागच्या जागी त्याला उडता येत नाही. पाण्यावर पाय आपटत दूरवर धावतो, मग वर उठतो.

पुष्कळ जण त्याला पाणकावळा समजतात. पाणकाव्याची चोच टोकाला वाकडी. तो खुंटावर बसून पंख पसरतो, वाळवतो. त्याचे पोट माशांवर. वारकरी मुख्यतः पाण्यातले शेवाळ, पाणगवत खातो. गोगलगाई, किडे खातो, एखादे वेळी बारीक मासळीही. पण मासे खावेत पाणकावळ्याने आणि दगड खावेत वारकऱ्याने, असे चालते!

हिवाळ्यात उत्तरेकडून याचे आणखी थवे येतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला ते पुष्कळ दिसतात. त्या पाणथळ जागेला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत, स्थान मिळाले.

आपल्याकडे तो पावसाळ्यात घरटे करतो. एका श्रावणात एक गडी टोपीत आठ अंडी घेऊन आमच्याकडे आला. भुरकट रंग, वर काळे बारीक ठिपके. "गुरुजी, कशाची हो?" अंडी अजून कोमट होती. आम्ही म्हटले, "आधी चल, जिथली तिथं ठेव." १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंडी काढणे हीदेखील शिकारच, तेही त्याला सांगितले. तो जरा चपापला.

घरटे लव्हाळ्यात, पाण्यालगत होते. गवताच्या काड्यांचा ढीगच तो. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस मोजून आम्ही दोघे काठावर गेलो. आठांतली पाच फुटली होती. पिले काळी, पण डोकी टकली आणि तांबडी!

गडी म्हणाला, "आई काळी, बाप काळा, अन् ही तांबडी कुणाची?"

त्यांचीच. काही दिवसांत तांबडा रंग जातो. मग पिलू करडे होते, गळा पांढुरका. काळे अंग आणि कपाळावरचा टिळा पुढे, मोठेपणी येतो. लहानपणी आईबाप त्याला चोचीने भरवतात. फार मागे लागले, तर टोचून दूरही सारतात.